मोटरीची खांदशेकणी

त्या मोटरीची गोष्ट निघाली का मले अजून शिसारी येते. लोक म्हणतात, जाऊ दे ना बावा, झालं ते झालं. कायले जाऊ दे?

माह्या बाचं वावर धरणात गेलं, तेव्हापासून बा मासे धरे. आधी कास्तकार माणूस, पण पाण्यावर हात बसला. मंग त्याचा उजवा खांदा गेला, वल्हं मारता येईना. नावेवर एक जुनी बारकी मोटर होती, पण वारा सुटला का ते पल्याडच्या जाळ्यांपर्यंत पोचत नसे. बा एकच म्हणे, "मले घरी बसवू नका रे. घरी बसलो का मेलो मी."

म्हणून दादानं, माह्या मोठ्या भावानं, नवी दणदणीत मोटर आणली. मी आर्णीले मोटरपंप दुरुस्त करतो, म्हणून बसवाले मले बोलावलं. जाऊन पाह्यतो त काय, जुनी काढाचीच नाही म्हणे! दोन्ही बाजूबाजूनं लावाच्या. दादानं फोनवर समुद्रातल्या नावा पाह्यल्या होत्या, तिथं दोन-दोन असतात. बाचं त वेगळंच. "नवा गोऱ्हा जुन्या बैलासंगच जुपा लागते," बा म्हणे. "जुना त्याले वळण लावते."

"बा, मोटर काय बैल हाये का? एक थोराड, एक मरतुकडी. नाव गोल फिरन. जुनी काढ, नवी मधात लावू, बोल्ट आरपार टाकून कसू."

"नावेले भोकं पाडतं?" दादा खी खी करून हसला. "तू बोअरचे पंप पाह्य ना बे. धरणावर नको शिकवू."

काठावरचे रिकामटेकडेही हसले. त्यातला एक तंबाखूचा खर्रा थुकला, तोही पाण्यातच. तेच पाणी गाव पेते. मले घिन आली त्या थुंकीची, अन् त्याहून जास्त त्यायच्या हसण्याची.

एक ना धड, भाराभर चिंध्या! पण काय करता, आपलेच दात, आपलेच ओठ. मी दोन्ही मोटरी मागच्या फळीले अडकवल्या, क्लॅम्पचे स्क्रू दम लावून पिळले. भोक एकही पाडलं नाही.

तो दिवस खांदशेकणीचा होता, दुसऱ्या दिवशी पोळा. खांदशेकणीले बैलाच्या खांद्याले हळद-लोणी चोळतात अन् त्याले सांगतात, "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या." आमच्या दावणीले बैल राह्यला नव्हता. दिवस कलताना बा वाटी घेऊन नावेकडं गेला. मी पाह्यलं, पण विचारलं नाही.

पोळ्याच्या सकाळी नावेपाशी गेलो त मोटरीयवर माश्या घोंगावून राह्यल्या होत्या. मोटर जिथं फळीले धरते तोच तिचा खांदा, असं बानं धरलं होतं. क्लॅम्प ढिले करून आतपर्यंत हळद-लोणी चोळलं होतं, अन् मंग एका हातानं जमले तेवढे स्क्रू पिळले होते. आंबूस लोण्याचा अन् पेट्रोलचा वास मिसळला होता.

पुसून पुन्हा कसाचं, पाच मिनटाचं काम. पण दादा नारळ फोडून, मोटरीले हार घालून फोटो काढून राह्यला होता. त्याच्या तोंडाकडं पाह्यलं अन् माहा जीव किटला. म्हणलं, होऊ दे तमाशा. पंपवाल्याले कोण विचारते?

बा पुढं बसला, दादा मागं. जुनी फुरफुरली, नवी डरकली, अन् नाव जाग्यावरच गरगर फिराले लागली. काठावर हशा उठला. "अबे, हे त घाण्याचा बैल झाली!" दादाले चेव आला, त्यानं नवीच्या रेसचा कान पुरा पिळला. ते थरथरत फळीवरून वर सरकली अन् हारासगट बदकन पाण्यात गेली.

"बसवणाऱ्यानंच धड बसवली नाही!" दादा नावेतूनच बोंबलला. सगळे माह्याकडं पाह्याले लागले.

बानं आपला तळहात पाह्यला. हळदीनं अजून पिवळा होता. "त्याले बोलू नको," बा म्हणला. "म्याच लोणी लावलं. बैलाले त बरं वाटते रे."

त्या दिवसापासून बा घरीच असते. दुसरी मोटर पाहू म्हणलं, त म्हणते, "नको. माह्या हाताले आता अक्कल नाही राह्यली." हे तो येणाऱ्या-जाणाऱ्याले सांगते, अन् मी बाजूले बसून चहा पेतो. लोणी मी आधीच पाह्यलं होतं, हे माह्या तोंडून अजून निघालं नाही. थू माह्या जिनगानीवर. पुसाची चिंधी त्या सकाळी माह्या खिशातच होती.