मामांचे दिवे

"डोळे फुटलेत का तुझे?" हे मामांचं ठेवणीतलं वाक्य. कागद कारखान्याच्या संगणक खोलीत नवा माणूस आला की पहिल्याच दिवशी त्याला हा आहेर मिळायचा. खोलीतलं यंत्र कपाटाएवढं, जुनाट. त्याला पडदाबिडदा काही नाही. प्रोग्राम अडला की पॅनलवरचे लाल दिवे बघायचे, कोणता पेटलाय नि कोणता नाही यावरून तो कुठल्या ओळीवर थांबलाय ते ताडायचं, आणि खालच्या खटक्यांनी दुरुस्ती थेट यंत्राच्या पोटात घालायची. यात मामांचा हात धरणारा कोणी नव्हता, आणि ते कोणाला तसं विसरूही देत नसत.

बहिणीने गळ घातली म्हणून त्यांनी भाचीला हाताखाली घेतलं. तिने एकदा एकच दिवा चुकीचा वाचला, तर मामांनी तिला पॅनलपुढे उभं करून पाळी संपेपर्यंत मोठमोठ्याने दिवे वाचायला लावलं. ती रडली, तर म्हणाले, रड, पण वाच. कामगार दारात गोळा होऊन हसले. सख्ख्या बहिणीची पोर; दुसऱ्या कोणाच्या पोटात कालवलं असतं. मामांच्या नाही.

पुढे दिवे वाचायचं काम कायमचं तिच्याकडे आलं. पोरीला शिकवतोय, असं मामा सांगत. खरं कारण भाचीला एका जळक्या बल्बने सांगितलं. बल्बवर धूळ दिसली तरी खोली डोक्यावर घेणारे मामा त्या मेल्या बल्बसमोर आठवडाभर बसले, आणि चकार शब्द नाही. मामांना दिवे दिसत नव्हते. अख्खी रांग म्हणजे एक लालसर डाग. भाचीने गुपचूप बल्ब बदलला आणि तोंड मिटून राहिली. इकडे मामा, झाकली मूठ सव्वा लाखाची, अशा समजात निर्धास्त होते.

मग साहेबांनी सांगितलं की खोलीत यापुढे एकच माणूस ठेवणार. त्याच आठवड्यात साहेब खोलीत उभे असतानाच यंत्र थांबलं, आणि बाहेर त्याच्या हुकमावर कागद गुंडाळणारे रूळही गपकन थांबले. मामा खुर्ची ओढून बसले.

"वाच."

भाचीने वाचलं, सावकाश, स्पष्ट. मामांनी मनात ओळ जुळवली. ती ओळ रुळांना ब्रेक लावणाऱ्या भागातली होती. गुंडाळी भरल्याशिवाय प्रोग्राम तिकडे फिरकतच नाही, आणि आत्ता तर ती नुकती कुठे सुरू झाली होती. प्रोग्राम मामांनीच लिहिलेला. पोरगी खोटं वाचत होती.

"परत वाच."

तिने तेच वाचलं.

साहेब म्हणाले, "शंका असेल तर स्वतः बघा ना."

मामांनी मान पुढे केली. डाग डागच राहिला. खोटं वाचतेय म्हणावं, तर खरं काय ते वाचून दाखवावं लागणार होतं. आणि तिच्या सांगण्यावरून खटके पाडले, तर ब्रेक मरणार होता. कारखाना गेला खड्ड्यात, असं त्यांनी ठरवलं.

"बरोबर आहे तिचं," ते म्हणाले, आणि चाचपत एकेक खटका पाडला.

यंत्र सुरू झालं. होणारच होतं; ते भाचीनेच गुपचूप थांबवलं होतं, आणि आता तिनेच हळूच चालू केलं. साहेब खूश झाले. पण गुंडाळी भरली तेव्हा ब्रेक लागलाच नाही. कागद फुगत, फाटत गेला, रूळ वाकला, कामगार जीव घेऊन पळाले.

"काय दिवे लावलेत हे?" साहेब म्हणाले, आणि मामांची खुर्ची तिथल्या तिथे गेली.

चुकला म्हणून जातोय, आंधळा म्हणून नाही, एवढ्यावर समाधान मानून मामा उठले. दारात माणसं जमली होती. भाचीने अगदी मायेने त्यांचा हात धरला.

"दार डावीकडे आहे, मामा," ती म्हणाली. "सांभाळून, पुढे पायरी आहे."

दार मामांना नीट दिसत होतं. पण साहेबांनी एकदा पॅनलकडे बघितलं आणि मग ते मामांच्या डोळ्यांकडे बघत राहिले.