परक्या गावातला कडू घास

शेजारी मयत झाली म्हणून आज बायकोनं त्यांच्यासाठी पिठलं टाकलं, आणि त्या वासानं मला अमेरिकेतल्या माझ्या खोलीतली ती संध्याकाळ आठवली. गावाकडनं, नेकनूरहून चुलत्यांचा फोन आला होता, "माय गेली रे. तू येईस्तोवर ठिवता येत न्हाई, आमी करतो सगळं." आमच्याकडं दुःखाच्या घरात चूल पेटत नाही, कडू घास शेजारीपाजारी आणतात. मीही गॅस पेटवला नाही, पण तिथं आणणार कोण? मी ज्याच्या फर्निचरच्या दुकानात कामाला होतो, तो मालक इस्रायलहून आलेला. त्याच्या लोकांचे टेकडीवर बंगले होते. माझ्या खालच्या मजल्यावर केनियाच्या बाया दाटीवाटीनं राहायच्या आणि त्याच बंगल्यांतल्या म्हाताऱ्यांची सेवा करायला मागच्या दारानं आत जायच्या. कामावर येत नाही म्हणून मालकाला फोनवर आणि खालच्या थोरल्या बाईला जिन्यात मी माय गेल्याचं आणि चूल न पेटवण्याचं सांगितलं होतं. अंधार पडता पडता मालक मसुराची आमटी आणि उकडलेली अंडी घेऊन आला. "आमच्यातही पहिला घास दुसऱ्यानं द्यायचा असतो," म्हणाला. त्याच्या मागोमाग ती थोरली बाई मक्याच्या पिठाचा वाफाळता गोळा आणि पालेभाजी घेऊन आली. खोलीत खुर्ची एकच. मालकानं ती तिच्याकडं सरकवली आणि स्वतः माझ्याशेजारी फरशीवर बसला. ती खुर्चीत बसलीच नाही. खाली बसून तिनं गोळा मोडला, एक घास माझ्या हातावर ठेवला, एक त्याच्या. आत्ता मी पिठल्याचं पातेलं उचललं तशी बायको म्हणाली, "तुमी कावून? बाया नेतात की." "मी खाल्लाय हा घास," म्हटलं, "मलाच जाऊ दे."