उपग्रहाचं पाणी आणि आमची तुरटी

खर्र... खर्र... माझी माय रांजणात तुरटी फिरवायची, ती कडेला घासली की असा आवाज यायचा. गढूळ पाणी निवळायचं, मगच पाहुण्याच्या हातात पाण्याचा गडवा. तो आवाज अजून माझ्या कानात आहे. नसता तर काय झालं असतं? म्हातारपणी माझी अशी फजिती तरी झाली नसती!

मी रिसोडकडे, पैनगंगेच्या काठी राहतो. माझी नात वैशाली दूर शिकते. नदी समुद्राला मिळते तिथल्या पाण्यात पालापाचोळ्याचा अर्क किती विरघळलाय, हे ती उपग्रहाच्या फोटोवरून ओळखते. आणि तो अर्क निघतो कुठून? आमच्याकडून! म्हणून ती इथलं पाणी न्यायला आली.

"आबा, चहापत्तीचा रंग पान्यात उतरते ना, तसा पाल्याचा उतरते. उपग्रह वरून तो रंग पाह्यते. त्यानं बराबर पाह्यला का नाई, हे समजाले त्याच वक्ताचं पानी लागते."

उपग्रह डोक्यावरून जायच्या वेळेला तिनं नदीत उतरून बाटल्या भरल्या. मी काठावर टोपी नीट केली. फोटोत आपण बावळट कशाला दिसायचं?

मग बाटल्या ओसरीवर ठेवून, त्या वाटेत गार राहाव्यात म्हणून ती रिसोडला बर्फ आणायला निघाली. "आबा, हे पानी सांभाळजा. मायी साऱ्या सालाची मेहनत याच्यावरच हाये."

तेवढ्यात शेजारचे किराणावाले रहीमभाई आले. "काहो दादा, पोरगी असं पिवयं पानी नेऊन राह्यली? तिथं सायेब लोकं पाह्यतीन. गावाची काय इज्जत?"

झालं! सगळ्या बाटल्या बादलीत ओतल्या. तुरटी फिरवली. खर्र खर्र! तळाशी गाळ बसला, मग वरचं पाणी बायकोच्या मऊ लुगड्यातून गाळलं. आता एक बाटली पुरती भरेना! ती जारच्या फिल्टर पाण्यानं भरून काढली.

"कसं काचेवानी झालं!" रहीमभाई खूश.

वैशाली आली. तिनं बाटल्यांकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मी कौतुकाची वाट पाहत बसलेलो.

"आबा, हे काय केलं तुमी?"

"साफ केलं, माय."

"अन् रंग?"

"गेला सारा!"

"मले तोच तर पाह्यजे होता! आता वरून पिवयं दिसते, अन् बाटलीत काहीच नाई. मी खोटं कोनाले ठरवू?"

मी जरा विचार करून म्हणालो, "त्या वरच्याचे डोये तपासून घे."

रहीमभाईंना एकदम दुकान आठवलं.

पोरीच्या डोळ्यांत पाणी आलं. तेही अगदी नितळ होतं, पण हे बोलायची माझी हिंमत झाली नाही.

उपग्रह पुन्हा येईपर्यंत, आणि तेव्हा आभाळही मोकळं असेपर्यंत, ती इथं अडकली. खरं सांगू? नात घरात राहिली म्हणून मी मनातून खूश होतो. तोंड मात्र पाडून बसलो हं!

शेवटी तो दिवस उजाडला. आभाळ स्वच्छ. तिनं पुन्हा बाटल्या भरल्या, ओसरीवर ठेवल्या.

"बिनघोर जाय तू बर्फ आनाले," मी म्हणालो. "मी बसतो ना लक्ष ठेवून!"

ती आत गेली. भिंतीच्या देवळीतली तुरटी पर्समध्ये टाकली, आजीचं लुगडं खांद्यावर घेतलं, पाण्याचा जार काखेत मारला, आणि बर्फ आणायला निघून गेली.