घरच्या सामानाची नानकटाई

बाबांची अँजिओप्लास्टी झाल्यापासून मला घरात स्वस्थ बसवत नाही. सारखी उठते, डबे उघडते, हुंगते. माझी भीती अशी हाताला चाळा लावते. "बेकरीचं बंद," डॉक्टरांनी बजावलं होतं. आणि बाबांना तर चहात बुडवायला काहीतरी लागतंच! खारी गेली, टोस्ट गेले. मग आईनंच तोडगा काढला.

आमच्या शुक्रवार पेठेत दिवाळीआधी बाया घरून मैदा, साखर, तूप घेऊन भट्टीवर जातात. कारागीर समोर नानकटाई मळून भाजून देतो, मजुरी तेवढी द्यायची. यंदा आई दिवाळीपर्यंत थांबलीच नाही. "विकतचं कुटंय? आपल्या घरचं सामान हाय की!" म्हणाली. मी पण पिशवी धरायला सोबत गेले.

बाहेर मरणाचं ऊन, आत भट्टीची धग. आईनं तुपाची पिशवी परातीत रिकामी केली आणि मी बघतच राहिले. एवढ्या उकाड्यात तो पांढरा गोळा जागचा हलेना. साजूक तूप असतं तर केव्हाच पातळ झालं असतं.

"आई, हे वनस्पती तूप आहे!"

"मग? डॉक्टरांनी साजूक कमी करा म्हटलं, म्हणून तर हे आणलं. आणि नानकटाई ह्यानंच खुसखुशीत होती. आपण पहिल्यापासून हेच घालतो की."

माझं डोकंच फिरलं. तिथंच, चार बायांसमोर, मी सुरू झाले. अगं, पातळ तेल कारखान्यात प्रक्रिया करून घट्ट करतात, माल टिकावा म्हणून. तेच पोटात गेलं की रक्तातलं वाईट कोलेस्टेरॉल वाढतं, चांगलं कमी होतं. बेकरीचं बंद म्हणाले ते ह्याच्यासाठी! घालायचं तेच असेल तर सामान घरचं असलं काय नि बेकरीचं असलं काय? कारागीर परातीत हात तसाच ठेवून थांबला. आईनं माझ्याकडे पाठ केली. रुसली तर रुसू दे, म्हटलं, बाबा तर वाचतील.

सामान गोळा करून आम्ही परत फिरलो. रस्ताभर माझं तोंड चालूच. चहाबरोबर लाह्या देऊ, कडक भाकरी मोडून देऊ, शेंगदाणे देऊ. आई दोन पावलं पुढं चालत होती.

घरात आल्यावर ती स्वयंपाकघरात भिंतीला टेकून बसली. पदरानं तोंड पुसलं आणि अगदी हळू विचारलं, "लग्न झाल्यापासून मीच करून घालतीय ह्यांना. शंकरपाळी, करंज्या, समदं ह्यातलंच. म्हंजे मीच केलं व्हय गं हे?"

"नाही गं आई," एवढं म्हणायला माझं काय जात होतं? पण मी उठले आणि फळीवरचा डबा उघडून हुंगायला लागले.

तेवढ्यात बाहेरच्या खोलीतून बाबांनी हाक मारली, "झाली का नानकटाई? चहा टाक की मग!"

आई उठली, तिनं पातेल्यात पाणी घेतलं आणि गॅस न पेटवताच माझ्याकडे बघत उभी राहिली.