प्लायवूडवरची जळकी रेघ

गेल्या महिन्यातला रविवार... भिवंडीतल्या आमच्या चार मजली बिल्डिंगच्या टेरेसवर मी माझा नवीन सर्चलाइट जोडत बसलो होतो. ऊन चांगलंच तापलं होतं.

सर्चलाइट बनवणं हे माझं जुनं वेड. दापोड्याला एका गोडाऊनमध्ये मी इलेक्ट्रिशियन आहे, तिथल्या भंगारातून काही ना काही हाताला लागतंच. जुन्या डिश अँटेनाला आतून आरशाचे तुकडे चिकटवून रिफ्लेक्टर केलाय, बंद कॉम्प्युटरचे पंखे लावून एलईडी थंड ठेवलेत. बायको म्हणते, लांबच्या टेकडीवरचं झाड दिसतं, पण आपल्या किचनची ट्यूब महिनाभर लुकलुकतेय ती नाही दिसत.

या वेळी मात्र लॉटरीच लागली होती. जुन्या प्रोजेक्शन टीव्हीची लेन्स मिळाली... चहाच्या ट्रेपेक्षा मोठी, चपटी, गोल गोल बारीक रेषांची. ती फ्रेममध्ये बसवली, कडेनं सिलिकॉन लावलं आणि सुकायला म्हणून स्टुलावर विटांच्या आधारानं तिरकी उभी केली.

लेन्स उन्हात उघडी ठेवायची नाही, भिंगासारखं सगळं ऊन एका ठिपक्यात गोळा होतं, हे या नादातल्या कुणालाही माहीत असतं. मलाही होतं. मी नेहमी तिच्यावर जुनी चादर टाकतो... पण सिलिकॉन ओलं होतं, चादर चिकटली असती. म्हटलं, पटकन जेवून येतो.

स्टुलाच्या पलीकडेच शेजारच्या सुनीतावहिनींचे गठ्ठे असतात. शिवून आलेल्या कुर्त्यांचे लोंबणारे धागे कापून द्यायचं काम त्या घरी करतात. खाली जागा नाही, म्हणून टेरेसवर प्लायवूडची मोठी फळी टाकून तिच्यावर गठ्ठे रचलेले.

त्यांचे सासरे म्हणजे आमचे आबा. आयुष्य कापडाच्या लूमवर गेलं, त्या खडखडाटात कानही गेले. जेवण झालं की गठ्ठ्यांजवळच्या सावलीत येऊन एक बिडी ओढायची, हा त्यांचा नेम. माझ्या लाइटकडे कौतुकानं बघणारा बिल्डिंगमधला हा एकच माणूस... तासन् तास माझ्यासाठी स्क्रू धरून बसायचे.

माझा भात अर्धा झाला असेल, तेवढ्यात वरून आरडाओरडा. धावत गेलो तर गठ्ठे पेटलेले आणि आबा नुसत्या हातांनी आग विझवतायत. उजवा तळहात पार सोलून निघाला होता.

आम्ही बादल्या ओतल्या, आग विझली. मग सगळ्यांची नजर आबांच्या खिशातल्या बिडीच्या बंडलवर गेली. कुणी काही विचारलंसुद्धा नाही. माझी लेन्स पाण्यात पडली होती, ती एका शेजाऱ्यानं उचलून दिली आणि म्हणाला, नशीब, तुझं सामान वाचलं.

दुसऱ्या दिवशी स्टूल आणायला वर गेलो. फळीच्या रिकाम्या बाजूला एक रेघ दिसली... बोटभर रुंद, काळी, जळकी, किंचित वाकलेली. ऊन सरकत गेलं तसा माझ्या लेन्सचा तापलेला ठिपकाही सरकत गेला होता, आणि सरळ गठ्ठ्यांच्या जागेत शिरला होता.

मी स्टूल उचललं, खाली आलो आणि गप्प राहिलो. आठ दिवस!

त्या आठ दिवसांत वहिनींचं काम सुटलं. घरचे आबांना गॅसजवळ जाऊ देईनात, नातीला त्यांच्यापाशी एकटी ठेवेनात. म्हाताऱ्याला आता काही आठवत नाही, असं जिन्यात सगळेच बोलायला लागले. शेवटी त्यांना गावी, अंबाडीच्या पुढे थोरल्या मुलाकडे पोचवायचं ठरलं.

जिना उतरताना त्यांनी मला बघून पट्टी बांधलेला हात वर केला. मीपण दारातून हात वर केला... याची लाज मला मरेपर्यंत वाटेल.

त्या रात्री झोप आली नाही. सकाळी आधी वहिनींना सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकलं आणि दार लावून घेतलं. मग बाइक काढली आणि आबांचं गाव गाठलं.

आबा अंगणात खाटेवर एकटेच बसले होते. त्यांना ऐकू येत नाही, त्यामुळे आग माझ्या लेन्सनं लागली हे मला ओरडून सांगावं लागलं... तीनदा. शेजारची माणसं बाहेर येऊन बघत राहिली.

आबांनी हातावरच्या पट्टीकडे बघितलं. मग म्हणाले, "मना आठवत व्हतं, बिडी मी चपलेखाली इझवली. पन समदी बोलली, आबा तुमाला आठवत न्हाय. मंग मना बी वाटाय लागलं, न्हायच आठवत."

त्यांनी माझं मनगट धरलं आणि विचारलं, "म्हंजे माजं डोकं बरं हाय?"

हो आबा, एकदम बरं आहे, असं मी पुन्हा ओरडून सांगितलं. ते रडायला लागले. त्यांनी शिवी दिली असती, एक थोबाडीत दिली असती तर मला सोपं गेलं असतं... त्यांनी थोरल्या सुनेला हाक मारून माझ्यासाठी चहा ठेवायला सांगितला.

परत चला म्हटलं तर तयार होईनात. यायचं मन हाय, पन तिकडं समदी माज्या हाताकडंच बघत बसतील, काडी हाय का म्हणून... असं म्हणाले.

कपड्यांचं नुकसान मी भरून देतोय, तो भाग सोपा आहे. लेन्स काळ्या कापडात गुंडाळून कपाटावर ठेवलीय. ती बाहेर काढायची हिंमत होत नाही.

ही पोस्ट आमच्या बिल्डिंगसाठी आहे, गल्लीसाठी आहे. आग आबांनी लावली नाही, माझ्यामुळे लागली. त्यांना सगळं नीट आठवत होतं. म्हाताऱ्यानं बिडीनं गठ्ठे पेटवले, ही गोष्ट तुम्ही ज्यांना ज्यांना सांगितलीत, त्यांना कृपा करून आता हीपण सांगा... आबांना घरी यायचंय.