सातव्या मजल्यावरचे दोलमे

गुणवंत पहाटे साडेपाचला दुबईच्या जबल अली बंदराकडे जाणारी कंपनी बस पकडायचा आणि शारजाच्या रस्त्यावरची गाड्यांची रांग सोसून रात्री आठला घरी टेकायचा. मधला सगळा दिवस अनुराधा सातव्या मजल्यावर. सकाळी शुभ्राला शाळेच्या व्हॅनमध्ये बसवायला खाली उतरायचं, दुपारी उतरवून घ्यायला पुन्हा एकदा. झालं बाहेर पडणं. ग्रोसरीत फोन केला की भाजीसुद्धा दारात येई. उन्हाळ्यात तर खिडकीची काच हाताला चटका द्यायची, आणि एसीची घरघर एवढी सवयीची झाली होती की ती थांबली तरच कानाला जाणवे.

सांगलीला ती मुलींच्या शाळेत सहा वर्षं रसायनशास्त्र शिकवत होती. त्र्याण्णव साली नवऱ्यामागून इथे शारजात आली. व्हिसा नवा झाला तेव्हा पासपोर्ट दोन दिवस घरी होता. नऊ वर्षांच्या शुभ्राने पान उघडून मोठ्याने वाचलं, "हाउसवाइफ. नॉट परमिटेड टू वर्क." मग मान वर करून विचारलं, "आई, हू डिडन्ट परमिट?"

"तसं छापलेलंच असतं गं," अनुराधा म्हणाली आणि तिने पासपोर्ट कपाटात ठेवून दिला.

सत्त्याण्णवच्या नोव्हेंबरात शेजारच्या शहरबानूने दार वाजवलं. साठीची इराणी विधवा, मुलगा अहमद आणि सुनेबरोबर राहणारी. लिफ्टमध्ये हसण्यापुरती ओळख. आज तिच्या दोन्ही हातांत तान्ह्या मुलासारखा धरलेला भलामोठा कोबी होता. शेजारणींकडून उचललेल्या तोडक्यामोडक्या हिंदीत ती म्हणाली, "बेटी, बड़ा पतीला है? बहू को इसकी बास नहीं चलती."

गणपतीत मोदकांना काढायचं ते मोठं पातेलं अनुराधाने खाली घेतलं. शहरबानूने सुरीने कोबीचा दांडा कोरून काढला आणि अख्खा गड्डा उकळत्या पाण्यात सोडला. पाच मिनिटांनी अनुराधा चिमट्याने वरचं पान ओढायला गेली, तर ते फाटलं.

"ज़ोर नहीं. पत्ता खुद छोड़ेगा."

आणि खरंच, थोड्या वेळाने एकेक पान आपणहून सुटत गेलं. पानामागची जाड शीर तासायची, मग पान मऊ पडतं. आत तांदूळ, मूठभर डाळ, शेपू, पुदिना, अक्रोडाचे तुकडे. या घरात मांस शिजत नाही हे कळल्यावर शहरबानूने खिमा न घालताच सारण केलं. कडा आत दुमडून पान गुंडाळायचं, पण आवळायचं नाही, कारण तांदूळ फुगला की पान फाटतं. गुंडाळ्या पातेल्यात एकीला एक खेटून लावल्या, वर पालथी ताटली दाबून ठेवली. व्हिनेगर आणि साखर मागितली तेव्हा अनुराधाने चिंचेचा कोळ आणि गूळ पुढे केला. शहरबानूने बोट बुडवून चाटलं, डोळे मिटले. "खूब!"

याला दोलमे म्हणतात, हे तेव्हा कळलं. मग दर मंगळवारी कोबी येऊ लागला. दोघी ओट्याशी उभ्या राहून पानं भरत. शहरबानू इराणातल्या आपल्या गावाच्या, लेंगे बंदराच्या गोष्टी सांगे, अनुराधा प्रयोगशाळेच्या. एकदा तर लिटमस कागद म्हणजे काय हे तिने कोबीच्या पाण्यात चिंच पिळून समजावायचा घाट घातला. जांभळा कोबी असता तर पाणी लाल झालं असतं, या पांढऱ्याचा रंग काही बदलला नाही. दोघी खूप हसल्या.

फेब्रुवारीत शुभ्राच्या शाळेच्या मुख्याध्यापिका कावेरी मॅडमनी अनुराधाला पालकसभेनंतर थांबवून घेतलं. रसायनशास्त्राच्या बाई मार्चमध्ये नोकरी सोडणार होत्या, ती जागा त्यांनी तिला देऊ केली. "नवऱ्याची एनओसी तेवढी आणा. बुधवारपर्यंत."

अनुराधाने ते ना-हरकत पत्र टाईप करून आणलं. मंगळवारी रात्री गुणवंतने सात दोलमे खाल्ले, रस बोटाने पुसून घेतला. तेव्हा तिने कागद पुढे सरकवला.

तो वाचत राहिला. "शुभ्राचं काय?"

"तिच्याच शाळेत तर असणार मी. तिच्याबरोबर जाणार, तिच्याबरोबर येणार."

"तसं नाही. पण ऑफिसात लोक म्हणतील, गुणवंतचं भागत नाही वाटतं." कागदाची घडी करून त्याने बॅगेत टाकली. "बघतो. घाई कशाला?"

बुधवारी तो कागद जबल अलीला जाऊन आला. गुरुवारीही. "झाली का सही?" या प्रश्नाला त्याचं उत्तर एकच, "इन्शाल्ला!" आणि वर हसू. रविवारी कावेरी मॅडमचा फोन आला. जागा भरली होती. अनुराधाने "काही हरकत नाही" म्हटलं आणि फोन ठेवल्यावर तिला त्या शब्दांचीच चीड आली. हरकत तिला विचारली कोणी होती?

मंगळवारी शहरबानू आली ती रिकाम्या हाताने. अहमदने तिचा व्हिसा पुन्हा काढला नव्हता. पुढच्या आठवड्यात तिला लेंगे बंदरला परत जायचं होतं, धाकट्या मुलाकडे. तिला विचारलंच नव्हतं, तिकीटच दाखवलं होतं.

"तुम्ही नाही म्हणा ना," अनुराधा म्हणाली.

शहरबानूने तिचा हात हातात घेतला. "मेरा कागज़ बेटे के हाथ. तेरा कागज़ आदमी के हाथ. किसको बोलेगी?"

ती गेली. अनुराधा मंगळवारी कोबी मागवत राहिली. सारण तेच, पातेलं तेच, चवही तीच. फक्त आता पानं भरताना बोलायला कोणी नव्हतं, आणि कधी कधी अख्खी सकाळ संपे, शुभ्रा घरी येईपर्यंत तिने तोंडातून एक शब्द काढलेला नसे. शुभ्रा मोठी होत गेली, इंग्रजीत उत्तरं देऊन खोलीत जाऊ लागली. दोनदा अनुराधाने पुन्हा विषय काढला. दोनदा गुणवंत "पुढच्या वर्षी" म्हणाला.

दोन हजार एकमध्ये गुणवंतच्या कंपनीने निम्मी माणसं काढली. त्याला दुसरीकडे नोकरी लागली, पण खालच्या पदाची. एका शुक्रवारी सकाळी तोच म्हणाला, "अनु, ती तुझी शाळा... विचारून बघ ना."

कावेरी मॅडमनी तिला ओळखलं. पत्र तयार झालं. गुणवंतने ते उभ्या उभ्या फ्रिजवर टेकवून सही केली. दोन सेकंद लागले असतील. अनुराधा त्या शाईकडे बघत राहिली. आनंद व्हायला हवा होता. त्याऐवजी ती मनात मधली वर्षं मोजू लागली.

पहिल्या दिवशी नववीच्या अडतीस मुली उभ्या राहिल्या, आणि तिने खडू उचलून फळ्यावर धड्याचं नाव लिहिलं. मग ती शिकवू लागली.

संध्याकाळी गुणवंत लवकर घरी आला. त्याने चहा केला, कप तिच्यापुढे ठेवला आणि तिथेच घुटमळला.

"तेव्हाच सही केली असती, तर..."

"हो," अनुराधा म्हणाली. "करायला हवी होतीत."

इतक्या वर्षांत असं सरळ ती त्याला कधी बोलली नव्हती. त्याने मान खाली घातली. तिने चहा संपवला, वह्यांचा गठ्ठा जेवणाच्या टेबलावर घेतला आणि लाल पेनाचं टोपण काढलं.