चैतूची दुहेरी कोलांटी

लिहून देणार : सखाराम अर्जनवीस, मुक्काम अहेरी, जिल्हा चांदा. आरोपी : तोच. घटनेचा काळ : पहिल्या निवडणुकीनंतरचा हिवाळा, धानकापणी आटोपल्यावर. साक्षीदार : तेथे जमलेल्या लाकूडतोड्यांच्या दोन टोळ्या.

मित्रा, हे मी आजवर कुणालाही सांगितलेले नाही — बायकोलाही नाही. इतरांची गाऱ्हाणी लिहिण्यात हयात गेली. स्वतःविरुद्ध लिहिताना मात्र टाक अडखळतो आहे.

तू त्या उड्या पाहिल्या असत्यास तर! टेकडीवरून सागाचे ओंडके नदीकाठी सोडण्यासाठी गुळगुळीत घसरण केलेली असे. गोंड पाड्यावरचा चैतू पायांना बांबूच्या रुंद कामट्या बांधून तिच्या माथ्यावर उभा राही. कामट्यांना टोळीचे, म्हणजे मोहाच्या बियांचे, तेल. मग जो सुटे तो — खाली, आणखी खाली, आणि टोकाशी उचलून ठेवलेल्या शेवटच्या ओंडक्यावरून थेट आकाशात! हवेत कोलांटी, आणि धानाच्या तणसीच्या, पेंढ्याच्या, ढिगात दोन्ही पायांवर उभा! तणसीची मालकीण दरवर्षी ओरडे, "माह्या बैलाईनं आता काय तुह्या कोलांट्या खायाच्या का रे?" — आणि बघायला सर्वांत पुढे तीच.

पंच कोण? अर्थात मी. कायदा जाणणारा दुसरा होता तरी कोण? कोलांट्या किती, हे मी सांगायचे. पंचाच्या शब्दावर कुणी बोलायचे नाही, असा रिवाज.

आता ऐक. चैतू ओंडक्यावरून सुटला की माझे डोळे मिटत. भयाने. दरवर्षी! दर कोलांटीला लोक एक आरोळी ठोकत; त्या मोजून मी निकाल देत असे. कुणाला काय कळणार होते?

त्या वर्षी एक सर्कसवाला आला. एका उडीत दोन कोलांट्या मारील त्याला सोबत नेणार, असे त्याने जाहीर केले. चैतू हरखून म्हणाला, "यंदा जातोच, बाबू!" आणि मी काय केले? पाहुण्यासमोर शिस्त दिसावी म्हणून हुकूम काढला — निकाल होईपर्यंत कुणी तोंड उघडू नये.

लोकांनी तो तंतोतंत पाळला. चैतू उडाला, माझे डोळे मिटले — आणि आरोळीच नाही! डोळे उघडले तेव्हा तो तणसीत उभा राहून हसत होता. मी खाकरलो, म्हणालो, "एक."

चैतू जवळ आला. "दोन होत्या ना, बाबू? तुमी पायलं नाई काऊन?"

त्या क्षणी खरे बोलता आले नसते का? मी म्हणालो, "पंचाला विचारतोस?"

मागून कुणीतरी हसले, "जाय गा चैतू, राह्यलेली एक घेऊन ये!"

तो खरोखरच वर गेला. तेल चोपडले — दुप्पट. या खेपेस मी डोळे उघडे ठेवले. मित्रा, काय ती उडी! सागाच्या शेंड्याशी पहिली कोलांटी, उतरता उतरता दुसरी, कामट्या उन्हात लखलखल्या — आणि माझ्याच तोंडून आरोळी फुटली! पण वेग फार होता. तणस ओलांडून तो खडकावर गेला. गुडघा फुटला.

सर्कसवाला त्याच दिवशी गेला. चैतू आता लंगडत मोहफुले वेचतो. वाटेत भेटला की "जोहार, बाबू" म्हणतो. मला ते सोसत नाही. पण सोसायचे त्याच्या वाट्याला आले, माझ्या नव्हे.

सबब विनंती अशी की, माझा तो निकाल रद्द समजावा आणि चैतूची पहिली उडी दुहेरी धरावी. येत्या आठवडी बाजारात दोन्ही टोळ्यांसमोर हा कागद मी स्वतः मोठ्याने वाचीन. त्यावर चैतूने जे म्हणायचे ते म्हणावे. माझ्यासाठी मागणे काही नाही.